"चालू कोहा बंद पाडायला निघालेत" या रिव्ह्यूला उत्तर

मॅडम नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं की लायब्ररीत कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर रोज नीट चालतंय, देवघेव होते, ओपॅक म्हणजे पुस्तकांचा ऑनलाइन कॅटलॉग दिसतो, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीची फी वेळेवर भरलीय, तरी आम्ही तुमच्याकडच्या ३.२२ या व्हर्जनला सपोर्ट बंद करून अपग्रेड गळ्यात मारतोय. हाच प्रश्न बाकीचे लायब्रेरियनही विचारतात म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

३.२२ आलं नोव्हेंबर २०१५ ला. कोहाचं नवीन व्हर्जन दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येतं आणि ते बनवणारी जगभरातली कम्युनिटी साधारण शेवटची दोन-तीन व्हर्जनच सांभाळते, एखादंच जास्त दिवस. सांभाळायचं म्हणजे नवीन कोडमधली दुरुस्ती जुन्यात बसवायची, आणि कोड इतका बदललेला असतो की ती बसतच नाही, नव्याने लिहावी लागते, टेस्ट करावी लागते. ३.२२ साठी हे आता कोणी करत नाही. आमच्याएवढ्या छोट्या टीमने एकट्याने करतो म्हणणं म्हणजे तुम्हाला खोटा भरवसा देणं, आणि ते मी करणार नाही.

त्यात तुमच्या सर्व्हरवर खाली उबुंटू १४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, त्याचा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०१९ मध्येच संपला. आणि ओपॅक इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे, त्याच डेटाबेसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर. दुरुस्त्या येत नसताना कोणी बाहेरून आत शिरलं तर हा डेटा जाईल, मला काळजी याची आहे.

दर सहा महिन्यांनी अपग्रेड करा असं मी कोणालाच सांगत नाही, स्टॉक व्हेरिफिकेशन, नॅकची कॉलेज तपासणी, परीक्षा यात तुम्हाला उसंत नसते हे माहितीय, वर्षातून एकदा पुरे. पण इतकी वर्षं एकाच व्हर्जनवर नको.

अपग्रेडचे वेगळे पैसे नाहीत, एएमसीतच आहे, नवीन सर्व्हरची मंजुरी मात्र कॉलेजकडून लागेल. दाखल क्रमांक, बारकोड, कोणाकडे कुठलं पुस्तक आहे, सगळं जसंच्या तसं येतं. खरी अडचण रिपोर्टची. कोहाच्या १७.०५ व्हर्जनपासून मार्कचा डेटा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींचा डेटा, दुसऱ्या टेबलमध्ये गेला, त्यामुळे तुम्ही ऑडिटला काढता तो दाखल नोंदवहीचा रिपोर्ट एरर देईल, तो आम्ही नव्याने लिहून देऊ. आधी तुमच्या बॅकअपची कॉपी टेस्ट सर्व्हरवर टाकतो, तुम्ही स्वतः सगळे रिपोर्ट काढून बघा, तुम्ही हो म्हटल्यावरच सुट्टीत बदलू.

आणि कोहा ओपन सोर्स आहे, डेटा तुमचा आहे. दुसरं कोणी ३.२२ सांभाळायला तयार असेल तर पूर्ण बॅकअप मी स्वतः काढून देईन, अडवणूक अजिबात नाही.

तोवर एक कराच, ओपॅक फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवर ठेवा. मुलांना घरून दिसणार नाही, तक्रारी येतील, तरी ठेवा. सेटिंग आम्ही करून देतो, फक्त सर्व्हर चालू ठेवून फोन करा.