चित्र मोजलेलं की गणितानं रंगवलेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लुओरेसन्स टोमोग्राफीत (शरीरात चमकणारं रंगद्रव्य, म्हणजे डाय, सोडून बाहेर येणाऱ्या प्रकाशावरून तो आत कुठे आहे याचं चित्र गणितानं काढायची पद्धत) उंदराच्या पोटातली जी चमकणारी गाठ दाखवतात ती मोजमापातून येत नाही, रेग्युलरायझेशनच्या गणितातून (अपुऱ्या मोजमापातून स्थिर उत्तर मिळावं म्हणून आधीच घातलेल्या गृहीतकांतून) येते, सीटी स्कॅनची जोड दिली की सीटीचंच चित्र वेगळ्या रंगात दिसतं, तेव्हा हा खटाटोप सोडून चांगल्या कॅमेऱ्याची वाट पाहावी.

आधी माझी चूक दुरुस्त करतो. १ मिलिमीटरपर्यंतचा तपशील दिसतो, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. तो आकडा सिम्युलेशनमधला होता. ज्या मॉडेलनं डेटा तयार केला, त्याच मॉडेलनं आणि त्याच जाळीवर (गणितासाठी शरीराचे पाडलेले बारीक तुकडे) मी तो उलटा सोडवला होता, म्हणजे प्रकाशावरून गाठ शोधली होती. पेपर काढणाऱ्यानंच पेपर सोडवावा, तसं झालं. खऱ्या फॅन्टमवर (ऊतीसारखा प्रकाश विखुरणाऱ्या नमुन्यावर) तो आकडा टिकला नाही. ते वाक्य आज बदललं आहे.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. तपशील हरवतो तो शरीराच्या आत. जवळच्या अवरक्त प्रकाशातही फोटॉन साधारण मिलिमीटरभर गेला की आपण कुठून निघालो ही दिशाच विसरतो. आम्ही इंट्रालिपिड (प्रकाश विखुरणारं दुधाळ द्रव) आणि शाईच्या फॅन्टममध्ये इंडोसायनिन ग्रीन हा डाय भरलेल्या दोन बारीक नळ्या ५ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या. पृष्ठभागापासून २ मिलिमीटरवर दोन उंचवटे स्पष्ट दिसतात. नळ्या १५ मिलिमीटर खोल नेल्या की एकच पसरट डाग उरतो. कॅमेरा तोच, लेसर तोच. पिक्सेल दुप्पट केले तरी शेजारशेजारचे पिक्सेल जवळजवळ एकच गोष्ट सांगणार. (१००० नॅनोमीटरच्या पुढे जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रकाश कमी विखुरतो, आणि सिलिकॉनचा सेन्सर आंधळा होत जातो म्हणून कॅमेरा बदलावाच लागतो.)

मग सुधारणा कुठे करायची? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक पडला तो फिल्टरनं. उत्तेजक प्रकाश, म्हणजे डायला चमकवणारा लेसर, ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा, डायचा प्रकाश ८३० च्या आसपासचा, आणि पहिल्याच्या मानानं दुसरा फारच क्षीण. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर लेसरचा प्रकाश अडवून फक्त डायचा आत सोडतो, पण लेसरचा प्रकाश समोरून सरळ आला तरच तो नीट अडवतो. तिरपा प्रकाश आला की त्याची खिडकी कमी तरंगलांबीकडे, म्हणजे नेमकी लेसरच्या दिशेनं सरकते. आणि ऊतीतून बाहेर पडणारा प्रकाश सगळ्याच कोनांतून येतो. एकदा आम्ही नळ्यांत डायऐवजी नुसतं पाणी भरून मोजमाप घेतलं. पडदा काळा दिसायला हवा होता. तो काळा नव्हता. तो गळलेला प्रकाश गणितात घातल्यावर एक सुबक, गोल गाठ तयार झाली! तुमची शंका मला खोटी का वाटत नाही, ते यावरून कळेल. फिल्टर दोन भिंगांच्या मध्ये, जिथे किरण समांतर होतात तिथे बसवल्यावर गळती इतकी कमी झाली की ती गाठ गेली.

दुसरी गोष्ट भागाकाराची. फ्लुओरेसन्सच्या मोजमापाला त्याच ठिकाणी मोजलेल्या उत्तेजक प्रकाशानं भागायचं. न्त्झियाक्रिस्टोस आणि वाइसलेडर यांनी २००१ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण लेसरची तीव्रता, डिटेक्टरची संवेदनशीलता आणि ऊतींमधल्या फरकाचा बराचसा भाग त्यात आपोआप कटून जातो.

राहिला सीटीचा मुद्दा. सीटीवरून अवयवाची सीमा घेऊन 'डाय या सीमेच्या आतच आहे' असं गणिताला बजावलं, तर तुमचा आरोप शंभर टक्के खरा ठरतो. 'एकाच अवयवातले शेजारचे बिंदू बहुधा सारखे असतील' एवढंच सुचवलं, तर मोजमापाला विरोध करायला जागा राहते. ती जागा खरंच राहिली का, हे तपासता येतं. मुद्दाम चुकीची सीमा द्यायची. चमक त्या खोट्या सीमेत जाऊन बसली, तर पद्धत सीटीच्या तालावर नाचते आहे. आमच्या पहिल्या सेटिंगमध्ये ती बसली होती. सीटीचं वजन बरंच कमी केल्यावर डाग पुन्हा पसरला, पण आपल्या जागी परतला. मला तो पसरट डाग जास्त विश्वासाचा वाटतो.

पाणी भरलेल्या नळ्यांचं चित्र आता मूळ लेखात घातलं आहे, डाय भरलेल्या नळ्यांच्या शेजारी आणि त्याच रंगपट्टीवर. पाहून काय वाटतं ते जरूर लिहा.