स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट ‘आपल्याले कोण देते?’

सातवं सेमिस्टर जवळ आलं की इकडच्या, विदर्भातल्या, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर स्पॉन्सर्ड प्रोजेक्टबद्दल, म्हणजे कंपनीने पैसे आणि प्रश्न देऊन करून घेतलेल्या प्रोजेक्टबद्दल, एक मेसेज फिरतो. ‘कंपनीचा प्रोजेक्ट पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना. खेड्यात कंपन्याच नाहीत. असल्या तरी फुकट राबवून घेतात, आयडिया ढापतात. त्यापेक्षा नागपुरातून तयार प्रोजेक्ट आणा, मार्क तेवढेच.’

मार्कांचं खरं आहे. पुष्कळदा तेवढेच मिळतात, आणि तो दोष परीक्षा घेणाऱ्यांचा. बाकीचं मात्र तपासून घ्यायला हवं.

‘कंपन्याच नाहीत.’ कंपनी म्हणजे काचेची इमारत असं धरलं तर नाहीत. पण अकोल्यात दालमिल आहेत, गोंदिया-भंडाऱ्यात राईस मिल, चंद्रपुरात कोळसा, सिमेंट आणि २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. यवतमाळ-वर्ध्याकडे तर कापसाच्या पट्ट्यात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, चुकवून जायचं म्हटलं तरी जमत नाही.

त्या जिनिंगमध्येच वर्षभराचं काम पडलं आहे. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे रोलर स्थिर पात्याला घासत फिरतात. रुई ओढली जाते, सरकी खाली पडते. दाब जास्त झाला की रोलर तापतो, झिजतो, वीजही जास्त खातो. कमी पडला की सरकीला रुई राहते. हा दाब बऱ्याच ठिकाणी फिटर आवाजावरून आणि हाताच्या अंदाजाने लावतो. मोटरचा करंट, रोलरचं तापमान आणि तासाला निघणारी रुई, या तिन्ही गोष्टी सोबत मोजून दाब कधी बदलायचा ते फिटरला सांगता आलं, तर मालक ऐकून घेईल.

वेळापत्रकही आपल्याच बाजूचं आहे. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, म्हणजे सातव्या सेमिस्टरला मशीन उघडून बघता येते. दिवाळीनंतर हंगाम जोरात येतो, आणि आठव्यात चालत्या मशीनवर चाचणी होते. पुण्याची पोरं दर आठवड्याला इथे येऊ शकत नाहीत. तुमची सायकल येते.

‘राबवून घेतात, ढापतात.’ राबवून घेणारे आहेत. ‘इंटर्न’ म्हणून रजिस्टर उतरवायला बसवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट नव्हे. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजने १९६३ मध्ये ‘क्लिनिक’ सुरू केलं. तिथे कंपनी कॉलेजला पैसे देते आणि प्रश्न देते, पोरांची टीम शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्षभर तो सोडवते. हक्क कुणाचा, ते आधीच लेखी ठरतं.

आपल्याकडेही १९७० च्या पेटंट कायद्यात अर्ज करण्याचा हक्क मूळ शोधकाचा, किंवा त्याने ज्याला तो दिला त्याचा. विद्यार्थी कंपनीचा नोकर नसतो. म्हणजे सही करण्याआधी कागद वाचला, तर ढापायला फारशी जागा उरत नाही. सुटे भाग कोणाच्या पैशाने, निघालेलं कोणाचं, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय दाखवायचं, एवढं लिहून घ्यावं. तिसरं हमखास विसरतं, मग परीक्षेच्या दिवशी मालक आकडे दाखवू देत नाही. तसाही जिनिंगवाल्याला पेटंटचं सोयरसुतक नसतं. त्याला हंगामात मशीन बंद पडायला नको असते.

खरी खोट मेसेजमध्ये आलीच नाही. ती म्हणजे काकाच्या फर्मच्या लेटरहेडवर आणलेलं स्पॉन्सर लेटर. कंपनीतल्या कुणी प्रोजेक्ट डोळ्यांनी पाहिलेला नसतो, फाइलवर मात्र ‘इंडस्ट्री स्पॉन्सर्ड’. याला उपाय सोपा आहे: रिव्ह्यूला त्या मिलचा फिटर बोलवा आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्या.

आणि मालकाला भेटायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये. एकदा कापसाच्या गाड्या लागल्या की त्याला मान वर करायला फुरसत नसते.