मादा मादा दाणे, अर्थात राजपुत्र होण्याचे सोपे उपाय

दिवाळीच्या सुट्टीत ताईचा मुलगा राहायला आला होता. वय वर्षं बारा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाळीचं एक टोक ड्रेनेजच्या पाइपला, दुसरं कुणाच्या तरी अ‍ॅक्टिव्हाला बांधून आम्ही बॅडमिंटन खेळलो आणि त्याने मला 21-6 असं धुतलं. त्याचं काही नाही. माझे गुडघे हल्ली माझ्या बाजूने नसतात. पण शेवटचा पॉइंट झाल्यावर पठ्ठ्याने टोपी डोळ्यांवर ओढली, रॅकेट माझ्याकडे रोखली आणि म्हणाला, "मादा मादा दा ने."

खुर्ची टाकून बसलेली आई म्हणाली, "दाणे हवेत का रे सोन्या? वर डब्यात आहेत बघ."

हे दाणे कुठल्या शेतातले, ते शोधायला मी 'द प्रिन्स ऑफ टेनिस' ही शाळेच्या टेनिस संघाची जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका बघायला बसलो. 2001 ते 2005 या काळात आलेले 178 भाग. म्हणजे साधारण 70 तास. एवढ्या तपश्चर्येनंतर मला अधिकार प्राप्त झाला आहे. तेव्हा मंडळी, तुम्हालाही र्योमा एचिझेनसारखं क्रीडा-अ‍ॅनिमेचा नायक व्हायचं असेल, तर पुढील उपाय करा.

आधी बाप नीट बघून घ्या. तो माजी व्यावसायिक टेनिसपटू असावा, लोक त्याला 'सामुराई' म्हणत असावेत आणि घरी त्याने वर्तमानपत्राच्या आड भलतीच मासिकं वाचत लोळावं. बापाशी रोज खेळलात की अमेरिकेतल्या चार ज्युनियर स्पर्धा खिशात. कथा सुरू होण्याआधीच शिकून घेतलेलं बरं, नंतर वेळ मिळत नाही.

टोपी घ्या. खाली ओढा. झालं.

पहिल्याच भागात आगगाडीत कुणी मोठा मुलगा रॅकेट फिरवत ग्रिपबद्दल चुकीचं सांगत असेल, तर त्याची चूक दाखवा. इथे तुमचं बरोबर आहे, हे मान्य. पण चूक सांगण्याचा हाच सूर पुढच्या 177 भागांत दोस्त, दुश्मन, सीनियर सगळ्यांना सरसकट लावायचा, हे विसरू नका.

डावखुरे असाल तर आधी उजव्या हाताने खेळा. समोरच्याला घाम फुटला की हात बदला.

नावं लक्षात ठेवायची नाहीत. कोचची नात तुमच्यासाठी जीव टाकते, तिला विचारा, "तू कोण?" प्रतिस्पर्धी शाळेच्या दोनशे पोरांच्या क्लबचा कॅप्टन असलेल्या आतोबेला माकडांचा म्होरक्या म्हणा. ज्या देशात शाळेत एक वर्ष पुढे असलेल्यालाही मान द्यावा लागतो, तिथे हे केलं की प्रेक्षक म्हणतात, काय अ‍ॅटिट्यूड आहे! आपल्याकडे याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला स्वतः वाढायचं नसेल, तर आजूबाजूला वाढणारी माणसं ठेवा. संघातला काइदो आहे ना, रोज मरमर धावायला. कावामुरा आहे ना. ताकद भरपूर, पण हातात रॅकेट नसली की पोरगा लाजून अर्धा होतो. ही शाळा संपली की आपण बापाच्या सुशीच्या दुकानात उभे राहणार आणि टेनिस इथेच संपणार, हे त्याला ठाऊक आहे. तरी जीव तोडून खेळतो. आणि कॅप्टन तेझुका! आतोबेविरुद्ध त्याचा खांदा गेला. सर्व्हिस टाकताना हात वर जात नाही, चेहरा पांढरा पडलाय, समोरच्यालासुद्धा दिसतंय की हा थांबला नाही तर खांदा कायमचा जाईल. टायब्रेक 35-37 पर्यंत चालतो आणि तो हरतो. चौदा-पंधरा वर्षांचं पोर संघासाठी आपलं भवितव्य पणाला लावतं! मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. मग दोन्ही संघांची बरोबरी झाली म्हणून राखीव खेळाडू उतरतो. कोण? आपला टोपीवाला. येतो, जिंकतो. आणि पुढच्या भागात? तोच सूर, तोच डबा द्राक्षाच्या सोड्याचा, तेच दाणे! अरे, तुझ्या कॅप्टनचा हात वर जात नाहीये रे! तुझ्यात तसूभर तरी फरक पडला का?

भक्त म्हणतील, तेझुकाने पुलाखालच्या कोर्टवर त्याला हरवलं, संघाचा आधारस्तंभ हो म्हणून सांगितलं, तिथे तो बदलला. बदलला की! आणखी चांगलं टेनिस खेळायला लागला. आधारस्तंभाबद्दल त्याने एवढंच मनावर घेतलं की खांब वाकत नाही.

फारच वाढीची वेळ आली तर स्मृती घालवून घ्या. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी हा टेनिसच विसरतो आणि त्याला परत आठवावं म्हणून कालचे शत्रू एकेक करून त्याच्याशी खेळायला येतात. म्हणजे शिकायचं त्यांनी, आठवायचं याने. पुढची मालिका 2012 साली आली. टोपी होती.

उद्धट नायकाला माझी ना नाही. 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलच्या मालिकेतला साकुरागी काय कमी मस्तवाल आहे? पण त्याला कोपऱ्यात उभं करून नुसतं ड्रिबल करायला लावतात. तो वैतागतो, सोडून जातो आणि परत येतो. त्या परत येण्यावर पुढचं सगळं उभं आहे. इथे परत यायला कुणी कुठे गेलेलंच नाही!

आणि हे 'मादा मादा दा ने' म्हणजे काय माहितीये? 'अजून बरंच शिकायचंय तुला.' हे म्हणतोय कोण, तर 178 भागांत ज्याने कुणाला साधं 'माझं चुकलं' म्हटल्याचं मला आठवत नाही!

बस्स. उपदेश संपला. भाच्या, 21-6 ने हरवलंस, शाबास. पण मामावर रॅकेट रोखायची नसते, समजलं? आणि ताई, तू दटावायचं सोडून त्याचा व्हिडिओ काढलास, फॅमिली ग्रुपवर टाकलास, खाली अठरा जणांनी हसरे चेहरे टाकले. लाज वाटली नाही एकालाही? त्या र्योमाच्या शाळेच्या, सेइगाकूच्या क्लबमध्ये चेंडू पहिल्या वर्षाची पोरं गोळा करतात. इथे गाडीखाली गेलेली तीन शटलं मी पालथा पडून काढली, हा वर जाऊन दाणे खात होता. जाळीही मी एकट्यानेच गुंडाळली. पाइपकडची गाठ सुटली नाही, ती अजून तिथेच आहे.