लस मेडिकलमध्ये द्या, सुरुवात कुंभारीपासून करा

न्यू जर्सीत मी फ्लूची लस आणि कोविडचा बूस्टर घराजवळच्या मेडिकलमध्ये घेते, आपल्याकडेही असं व्हावं, हे सोलापुरात सांगितलं की दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. घरचे म्हणतात, "कोविड गेला, आता कसला बूस्टर? ही तिकडची चैन." माझा मावसभाऊ डॉक्टर आहे, त्याचा आक्षेप वेगळा: "ताई, आपल्याकडे लायसन्स भिंतीवर टांगलेलं असतं आणि फार्मासिस्ट भलत्याच गावी. त्याच्या हातात सुई देऊ?"

मावसभावाची भीती खरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. अमेरिकेत ही सोय एका रात्रीत झालेली नाही. एकेका राज्याने आपापले नियम बदलले आणि 2009 पर्यंत पन्नासही राज्यांत फार्मासिस्टला फ्लूची लस देता येऊ लागली. कोविडच्या काळात केंद्र सरकारने मुभा वाढवली, तीही अटी घालून: किमान 20 तासांचं प्रशिक्षण, सीपीआरचं (हृदय थांबलं तर छाती दाबून ते चालू ठेवण्याचं) प्रमाणपत्र, दिलेल्या प्रत्येक डोसची नोंद. दुकानात आधी फॉर्म भरून घेतात. ॲलर्जी आहे का, आज ताप आहे का, मागच्या लसीनंतर काही त्रास झाला होता का. मग पडद्याआड नेऊन दंडात सुई, आणि पुढची पंधरा मिनिटं समोरच्या खुर्चीवर बसवून ठेवतात, कारण जोराची रिॲक्शन यायची तर बहुधा तेवढ्यातच येते. नोंद राज्याच्या रजिस्टरमध्ये जाते. हे सगळं धोरणावर उभं आहे, आणि धोरण फिरलं की सोयही हलते. 2025 मध्ये कोविड लसीचे नियम आवळले तेव्हा काही राज्यांत त्याच काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी मागू लागले होते.

आता सोलापूर. एका उन्हाळ्यात आईसाठी फ्लूची लस आणायला भाऊ नवी पेठेतल्या एका मेडिकलमध्ये गेला. दुकानदाराने फ्रिजमधून खोका काढला, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे टाकले, त्यावर खोका ठेवला आणि वरून रबर लावलं. ती पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवून भाऊ भर दुपारी सात रस्त्याला डॉक्टरांकडे गेला. तिथे नंबर लागेपर्यंत पिशवीत पाणी झालं होतं. फ्लूची लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. उन्हाने ती बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बर्फाला टेकून गोठली तरी ती टाकून द्यावी लागते, आणि गोठून पुन्हा वितळलेली लस नुसत्या नजरेला ओळखू येईलच असं नाही. म्हणजे लस आजही मेडिकलमध्येच असते! ती टोचण्यासाठी मात्र आपण तिला गावभर उन्हातून फिरवतो. मावसभावाला मी हे विचारलं: यातला कुठला रस्ता जास्त धोक्याचा?

चैनीचा मुद्दा मला याहून जास्त लागतो. माझ्यासाठी जवळचं मेडिकल म्हणजे अर्धा तास वाचणं. सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहून विड्या वळणाऱ्या बाईसाठी तो अख्खा रोज आहे. ती सिव्हिलला आली की त्या दिवशीच्या विड्या गेल्या. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं तिच्या छातीत जाते, शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या छातीत सुताची धूळ, आणि दमेकऱ्याला फ्लू झाला तर तो साध्या सर्दीवर भागत नाही. लस तिला माझ्याआधी मिळायला हवी. गोदूताईची 10,000 घरं 2006 मध्ये झाली, जवळच रे नगरच्या 30,000 घरांपैकी पहिली 15,000 जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. एवढ्या वस्तीत संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असणारं आणि गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलणारं ठिकाण मेडिकलच असतं.

पैसे मात्र सरकारने भरावेत. फ्लूची लस बाजारात दीड-दोन हजारांच्या घरात जाते. एप्रिल 2022 मध्ये 18 ते 59 वयाच्या लोकांना कोविडचा प्रिकॉशन डोस, म्हणजे आपल्याकडचा बूस्टर, खासगी केंद्रात विकत घ्यायला सांगितला, तेव्हा फारसं कुणी फिरकलं नाही. 15 जुलैपासून 75 दिवस तोच डोस मोफत केला, तेव्हा लोक आले. कोविड गेला म्हणून लोकांना लस नको होती, असं मग कसं म्हणायचं?

नोंदीचंही अडू नये. कोविनवर आपण प्रत्येकाचा डोस नोंदवून मोबाइलवर सर्टिफिकेट दिलं. मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या लसींच्या नोंदीसाठी तसंच यूविन आहे. त्यात मोठ्यांच्या लसी घाला.

सरसकट सगळ्या दुकानांना परवानगी द्या असं मी म्हणत नाही. जिथे फार्मासिस्ट प्रत्यक्ष उभा असतो, लसीचा फ्रिज वेगळा आहे, त्याचं तापमान रोज लिहिलं जातं, जोराची रिॲक्शन आली तर हाताशी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे आणि माणूस पंधरा मिनिटं बसेल एवढी जागा आहे, अशीच दुकानं निवडा. कुंभारीत आणि विडी घरकुलात अशी दोन-चार जरी निघाली तरी सुरुवात होईल. हे सगळं ऐकून मावसभावाने एकच अट घातली: तपासणी न कळवता व्हावी, आणि फार्मासिस्ट जागेवर सापडला नाही तर त्या दुकानाची परवानगी त्याच दिवशी जावी. मला ती मान्य आहे.