आधी बेपूर, मग बोरघाट

काल कर्जत स्टेशनाबाहेरच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. दोन किनारे जोडणारी देशातली पहिली रेल्वे कुठली, यावरून. बाळूने ठोकून दिलं, "१८५३ मध्ये पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली, मग हा मानही मुंबईचाच."

"अजिबात नाही," रेल्वेत अख्खी नोकरी काढलेले नाना उसळले. "मद्रासवाल्यांनी १८६२ मध्येच रूळ बेपूरला, कालिकतच्या शेजारी, अरबी समुद्राला टेकवले. आपली जीआयपी, म्हणजे मुंबईची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, त्यांना रायचूरला भेटली ती १८७१ मध्ये!"

"त्यांना सह्याद्री कुठे आडवा आला?"

हे मात्र खरं. त्यांच्या वाटेवर पालघाटला डोंगराने तीसेक किलोमीटर रुंद वाट सोडली आहे, गाडी फारशी न दमता पार होते. आणि आमच्या इथून लोणावळ्यापर्यंतचा बोरघाट? पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे. सगळ्यात उभ्या जागी सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका ठिकाणी तर गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने चढायचं. रूळ पुरे होईपर्यंत, १८६३ पर्यंत, लोक खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्याला पुढची गाडी धरत.

"मग सोप्या वाटेनेच सगळा माल का नाही गेला?" ताईंनी विचारलं.

"बंदर, ताई," नाना म्हणाले. "मुंबईसारखं खोल, आडोशाचं बंदर बेपूरला कुठून आणणार? आणि विलायतेतल्या गिरण्यांना हवा होता आपल्याकडचा कापूस."

ताईंनी लगेच पैशाचा मुद्दा काढला. कंपन्यांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. कमाई कमी पडली की भर रयतेच्या करातून. कालव्यांची कामं करणारे इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटन तेव्हा कंठशोष करत होते, रेल्वेपेक्षा कालवे काढा, वाहतूक स्वस्त पडेल, शेतीलाही पाणी मिळेल.

"कालवा काय घाट चढणार होता?" बाळू.

घाटापुरतं बाळूचं बरोबर, पण गोदावरीच्या खोऱ्यात कॉटनचंच बरोबर होतं, असं माझं ठाम मत आहे.

मग मी मजुरांचं काढलं. १८६१ च्या सुमारास या घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. कातळात हाताने सुरुंगाची भोकं पाडायची, वस्तीत पटकी. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगा केला आणि त्या ठेकेदाराचं काम गेलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका पुरा करून घेतला. तिचं नाव सगळीकडे सापडतं. सुरुंग लावणाऱ्या एकाचं तरी सांगा.

"अरे, पण त्या रेल्वेमुळेच देश जवळ आला ना?" बाळू.

"आला की," नाना म्हणाले, "पण बाळू, तू मान वाटायला बसला होतास. मग पहिला या घाटातल्या मजुरांचा."