काकूंचं बारसं

आमच्या मोठ्या काकूंचं खरं नाव मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही एका विमान तिकिटापायी.

तोवर त्या वत्सलाकाकू होत्या. नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या पाटीवर वत्सला, रेशनकार्डावर वत्सला, लग्नाकार्यात मिळालेल्या प्रत्येक गडव्यावर आणि परातीवर टोचून घातलेलं नाव वत्सला. पुण्याला नातीचं बारसं ठरलं, तेव्हा मी मोठेपणा केला. म्हटलं, काकू, मे महिना आहे, रात्रभर गाडीत अंग कशाला मोडून घेता, मी विमानाचं तिकीट काढून देतो. विमान कंपनीच्याच साइटवर स्वस्तातलं सापडलं, 4,100 रुपये. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की रद्द केल्यास भाडं परत मिळणार नाही. रद्द कोणाला करायचंय, असं म्हणत मी पैसे भरले.

चौथ्या दिवशी तिकिटाचा कागद घेऊन काकूंकडे गेलो. विमानतळाच्या दारातच ओळखपत्र बघतात, आधार कार्ड वर काढून ठेवा, असं सांगितलं. काकूंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, त्यातून साड्यांच्या दुकानाची पिशवी काढली, पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा आणि गठ्ठ्यातून कार्ड. फोटो काकूंचा. नाव कुसुम.

"ही कोण?"

"मीच ना बाप्पा. माहेरचं नाव आहे. आधारवाल्या पोरानं शाळेचा दाखला मागितला, त्यावर तेच होतं."

"मग वत्सला?"

"ते तुझ्या काकांनी ठेवलं. लग्नात. काऊन, काय झालं?"

काय झालं ते मला कस्टमर केअरनं सांगितलं, अर्ध्या तासाच्या बासरीनंतर. पलीकडची मुलगी गोड होती. आधी म्हणाली, स्पेलिंग चुकलं असेल तर दोन-तीन अक्षरं दुरुस्त करून देते, काय चुकलंय? मी म्हटलं, वत्सलाचं कुसुम करायचंय. ती जरा वेळ गप्प राहिली. मलाही तेवढ्यात मोजायला वेळ मिळाला: दोन्ही नावांत एक 'एस' तेवढा सामाईक निघाला.

"सर, ये तो दूसरा पैसेंजर हो गया."

तिचंही बरोबरच होतं म्हणा. विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. करता आलं असतं तर लोकांनी सेलमध्ये पन्नास-पन्नास तिकिटं उचलून दिवाळीच्या तोंडावर बर्डीच्या फुटपाथवर विकली असती. नावातली चूक पहिल्या 24 तासांत दाखवली तर कंपनीनं फुकट दुरुस्त करून द्यावी, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे; पण मी उगवलो चौथ्या दिवशी. शिवाय त्या नियमात प्रवासी 'तोच' असावा लागतो. इथे सगळं घोडं 'तोच'पाशीच पेंड खात होतं.

"दोनों एकही बाई है," मी माझ्या नागपुरी हिंदीत सांगितलं.

"कोई प्रूफ, सर?"

आता पुरावा काय देणार? 1974 साली काकांनी ताटात तांदूळ पसरले, सोन्याच्या अंगठीनं त्यात 'वत्सला' असं लिहिलं, चार बायका हसल्या, कोणी तरी पेढे वाटले आणि झालं. ना अर्ज, ना फी, ना ओटीपी. ज्या कागदावर नाव लिहिलं त्या कागदाचा त्याच संध्याकाळी भात करून वऱ्हाडानं खाल्ला असणार. लग्नपत्रिका सापडली, पण तिच्यावर चि. सौ. कां. कुसुम, म्हणजे ती विरुद्ध पक्षाची साक्षीदार. वत्सला नावाचं मतदान कार्डही होतं. ते काकूंनी 'अगदी जपून' ठेवलेलं असल्यामुळे मिळण्याची आशा नव्हती. तरी दोन दिवस शोधलं. त्यात 1991 चं गॅसचं पुस्तक आणि माझी सहावीची गुणपत्रिका मिळाली, जी न मिळती तर बरं झालं असतं.

काकूंचं मत पडलं की रेल्वे बरी. रेल्वेत खरंच कन्फर्म तिकीट गाडी सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत घरच्या माणसाच्या नावावर करून मिळतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, सगळे चालतात. पण स्वतःच्याच नावावर करायचं असेल तर काय करायचं, हे त्यांनाही सुचलेलं दिसत नाही.

शेवटी वत्सलाचं तिकीट रद्द केलं. असल्या तिकिटाचंही विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत द्यावे लागतात, हे मी फोनवर आवाज चढवून ऐकवलं आणि ते मिळालेही. म्हणजे भाजी नाल्यात गेली, कोथिंबीर परत आली. कुसुमचं नवं तिकीट तोवर 6,300 झालं होतं. हा आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

जायच्या दिवशी काकूंना सोनेगावच्या विमानतळावर सोडलं. हातात संत्राबर्फीचे डबे, पर्समध्ये आधार. दारावरच्या जवानानं कार्ड बघितलं, तिकीट बघितलं, काकूंकडे बघितलं आणि आत सोडलं. एवढ्याचसाठी आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. विमान सुटायची वेळ होईपर्यंत मी बाहेरच रेंगाळलो आणि मग रस्त्यावर येऊन टपरीवर चहा सांगितला. पहिला घोट घेतो न घेतो तोच काकूंचा फोन.

"बसलात का विमानात?"

"कुठचं रे! केव्हाची बसून राहिली मी इथं खुर्चीवर. सगळे गेले. आन् ती दारातली पोरगी कोण्या कुसुमच्या नावानं ओरडून राहिली सारखी. कुठं उलथली ती बाई कोणास ठाऊक! तिच्यापायी आमचं विमान अडून राहिलं."