आज कितवा?

ज्यूंच्या पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओतचा सण येईपर्यंत 49 रात्री, रोज उभं राहून एक आकडा म्हणायचा. ओमेर मोजणं ते एवढंच. बालवाडीतलं पोर करील. तरीही माझं ठाम मत आहे की कब्बालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, रोजच्या साधनेत माणसाचा याच्याइतका घाम काढणारं दुसरं काही नाही. ध्यान साधतं हो, आकडा चुकतो.

ओमेर हे मुळात धान्याचं माप. जेरुसलेमच्या मंदिरात नव्या पिकातलं एवढं सातू आणायचं आणि तिथून सात आठवडे मोजायचे, असं तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. मंदिर गेलं, सातू गेलं, मोजणी राहिली. कब्बालावाल्यांनी मग तिच्यात सेफिरोत, म्हणजे ईश्वराच्या दहा शक्ती, त्यांपैकी खालच्या सात बसवल्या: हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्झाह, होद, येसोद, मालखुत. दर आठवडा एकीचा, आणि त्या आठवड्यातल्या सात दिवसांत पुन्हा त्याच सात. पहिली रात्र हेसेदमधल्या हेसेदची, म्हणजे हात मोकळा सोडून देण्याची. दुसरी हेसेदमधल्या गेवुराची, म्हणजे देताना हात कुठे आखडायचा त्याची. नववी गेवुरातल्या गेवुराची. त्या दिवशी घरच्यांनी जरा जपूनच असावं.

क्रम असा. चांदण्या दिसल्या पाहिजेत; मे महिन्यात इथे इस्रायलमध्ये, अश्दोदला, त्याला आठ वाजतात. आधी ‘लेशेम यिहूद’ हा संकल्प. (प्रागच्या रब्बी, म्हणजे धर्मगुरू, येहेझ्केल लांडाऊंना 18व्या शतकात याचा इतका राग होता की विचारू नका, तरी सिद्दूरांत, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकांत, छापला जातोच.) मग बेराखा, म्हणजे आशीर्वचन. मग आकडा: आज अठरा दिवस, म्हणजे दोन आठवडे आणि चार दिवस. बेराखा सुरू करण्याआधी आकडा पक्का माहीत हवा. बेराखा म्हणून झाल्यावर बायकोकडे भुवया उंचावून बघणं शास्त्रात बसत नाही.

नंतर बायबलमधलं 67वं स्तोत्र. मथळा सोडला तर त्यात बरोबर 49 शब्द. रोज एकावर मन ठेवायचं. पुढे ‘आना बेखोआह’ ही प्रार्थना: सात ओळी, ओळीत सहा शब्द. आठवड्याला एक ओळ, सहा दिवसांना सहा शब्द, आणि सातव्या दिवशी त्या सहांची आद्याक्षरं मिळून होणारं नाम. आजचा शब्द आधीच शोधून त्यावर अंगठा ठेवावा. नाहीतर डोळे मिटून चित्त एकाग्र करायच्या क्षणी माणूस बोटांवर सातचा पाढा म्हणत असतो. शेवटी, या सेफिरेत माझ्या हातून जे बिघडलं असेल ते दुरुस्त होवो, अशी विनवणी. कब्बालावाले शालोम शराबी यांच्या परंपरेतल्या सिद्दूरात एकेका शब्दाभोवती ईश्वरनामांच्या अक्षरांची दाटी असते. नोकरी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

इथवर सगळं गोड. आता नियम. रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी मावळायच्या आत बेराखेशिवाय मोजा, रात्रीपासून पुन्हा बेराखेसकट. पण रात्र आणि दिवस दोन्ही कोरडे गेले, तर उरलेल्या सगळ्या रात्री नुसता आकडा. बेराखा थेट पुढच्या वर्षी. कारण 49 दिवस मिळून एकच व्रत की 49 वेगवेगळी व्रतं, हा जुना वाद. आणि शंका असेल तिथे देवाचं नाव फुकट घ्यायचं नाही. गंमत म्हणजे ‘काल मोजलं की नाही?’ अशी नुसती शंका असेल तर बेराखा चालू राहते. त्यामुळे ओमेरच्या दिवसांत स्मरणशक्ती फार चांगली नसलेलीच बरी.

खरा घात मात्र प्रेमाच्या माणसांकडून होतो. अंधार पडलाय, तुम्ही अजून मोजलेलं नाही आणि ठाण्याहून मावशीचा फोन येतो.

“काय रे, आज कितवा?”

“आज अठरावा, मावशी.”

संपलं. मोजणी झाली. आता त्या रात्रीची बेराखा नाही, कारण आकडा आपल्याला समजणाऱ्या कुठल्याही भाषेत म्हटला तरी चालतो, मराठीतही. म्हणून योसेफ कारोंच्या शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, 489व्या प्रकरणात, उत्तर लिहूनच ठेवलंय: “काल सतरा होते.” मावशीला वाटतं पोराचं डोकं फिरलं. भारतात तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात, तिची मोजणी कधीच आटोपलेली असते. तिला काय जातंय विचारायला!

बरं, तोंड बंद ठेवून व्हॉट्सॲपवर लिहिलं तर? लिहिणं म्हणजे मोजणं होतं का, यावर रब्बी अकिवा एगर आणि त्यांचे काका यांच्यात पत्रव्यवहार झालाय. आपल्याकडे काका-पुतण्यांचे विषय निराळे असतात. माझा सल्ला: लिहितानाही कालचाच आकडा लिहावा.

दाढीचं वेगळंच. ओमेरच्या दिवसांत केस-दाढी कापत नाहीत, पण कधीपर्यंत? कारोंच्या मताने 34व्या दिवशी सकाळी केस कापता येतात, अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेचे ज्यू, 33व्यालाच न्हाव्याकडे पोचतात. पण त्सफात गावचे कब्बालावाले आरी, म्हणजे यित्झाक लुरिया, यांच्या वाटेने जाणाऱ्याने शावुओतच्या आदल्या दिवसापर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. त्या सुमारास ऑफिसातल्या ओळखपत्रावरचा फोटो दुसऱ्याच माणसाचा वाटू लागतो.

आणि 49वी रात्र सुखरूप पार पडली की सुटलो म्हणावं, तर तेही नाही. पन्नासाव्या संध्याकाळी प्रार्थनाही लवकर उरकायची नाही. आठवडे पुरे भरले पाहिजेत, म्हणून पुरता अंधार पडेपर्यंत थांबायचं. सात आठवडे झोपेच्या वेळी दचकून “मोजलं का रे?” करणाऱ्या माणसाला मग बक्षीस काय? शावुओतचा तिक्कुन: उजाडेपर्यंत जागून वाचन. चहा मात्र भरपूर असतो.